रकाना वेगळा ठेव

सोलापूर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

पत्रातला तुझा राग मला आवडला. वर्गातल्या बाकीच्यांना कंपनीनं कोड लिहायला बसवलं आणि तुला रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका लिहायला वॉर्डावॉर्डांत पाठवलं, म्हणजे आपली गणना कारकुनांत झाली असं तुला वाटतंय. पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावं तसं आजीचंही लिहिलंस. तिची कैकाडी बोली टिपून ठेवावी म्हणून मोबाईल समोर धरला की ती मराठीत बोलायला लागते, नाहीतर गप्पच बसते. तू या दोन वेगळ्या अडचणी मानतेस. मला त्या एकाच गाठीच्या वाटतात, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी कारकुनीचं. माझी उभी नोकरी रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली, तेव्हा मी पक्षपाती आहे हे धरूनच वाच.

थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राबद्दल तुम्हाला कॉलेजात शिकवलं असेल. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका-कॅनडात त्यानं सहा रुग्णांवर प्रमाणाबाहेर किरणांचा मारा केला, त्यातले किमान तिघे दगावले. सॉफ्टवेअरमधली चूक, असं एका वाक्यात सांगून मास्तर पुढं जातात. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी उपचार चालू असताना पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढीच ओळ आली. सोबतच्या कागदांत ५४ चा खुलासा काय होता? ‘डोस इनपुट २’. झालं, संपलं. याचा अर्थ मात्रा फार जास्त गेली किंवा फार कमी गेली, हे यंत्र बनवणाऱ्यांकडून कळलं ते नंतर. यंत्र एरवीही बारीकसारीक कारणांनी अडायचं आणि एक कळ दाबली की पुढं चालायचं. ऑपरेटरनं तेच केलं. तिनं दुसरं काय करावं अशी अपेक्षा होती?

कंपनीचे लोक येऊन गेले, त्यांना तो ५४ काही केल्या पुन्हा आणता आला नाही. तीन आठवड्यांत त्याच ठिकाणी दुसरा रुग्ण तशाच माऱ्यात सापडला. मग त्याच ऑपरेटरनं आपण कळा कोणत्या क्रमानं दाबल्या ते आठवून सांगितलं. किरणांच्या प्रकारापुढं एक्स-रेचा ‘एक्स’ चुकून पडला होता, तो तिनं वर जाऊन खोडला, इलेक्ट्रॉनचा ‘ई’ केला आणि भराभर खाली आली. रुग्णालयातले भौतिकतज्ज्ञ तिच्याबरोबर बसले, तोच क्रम पुन्हा पुन्हा करत राहिले आणि हात पुरेसा झपाट्यानं चालला तेव्हा ५४ परत आला. म्हणजे कोड लिहिणाऱ्यांना न सापडलेली चूक सापडली ती एका बाईनं आपण नेमकं काय केलं हे जसंच्या तसं सांगितल्यामुळं. ‘मशीन बिघडलं होतं’ एवढंच ती म्हणाली असती तर? या कामाला तू कारकुनी म्हणणार असशील तर खुशाल म्हण, मला ती शिवी वाटत नाही.

तेव्हा तुझ्या पुस्तिकेत ५४ सारखी एकही ओळ राहू देऊ नकोस. पडद्यावर येणारा प्रत्येक संदेश अक्षरश: उतरव. त्याखाली काय झालंय, आत्ता काय करायचं, काय अजिबात करायचं नाही आणि कोणाला फोन लावायचा ते लिही. रात्री दोन वाजता एकटी असलेली सिस्टर वाचणार आहे, तिला तुमच्या सॉफ्टवेअरच्या रचनेचं कौतुक नको असतं.

सिस्टर वेळ देत नाहीत ही तुझी तक्रार खरी आहे, पण तू वेळ मागतेस कधी? सकाळी राऊंड चालू असताना गेलीस तर कोण बोलेल! पाळी बदलताना जा. चार्ज देणं-घेणं चालू असतं तेव्हा भिंतीला टेकून उभी राहा आणि नुसतं ऐक. कागदावर तापाचे, नाडीचे, लघवीच्या मापाचे आकडे असतात. तोंडानं मात्र सिस्टर सांगते, ‘सहा नंबरच्या आजोबांचे आकडे बरे आहेत, पण काल गप्पा मारत होते, आज भिंतीकडं तोंड करून पडलेत, जरा बघा.’ हे वाक्य कुठल्याच फॉर्ममध्ये बसत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला जागा आहे का? नसेल तर ते तुझ्या कंपनीला तूच सांगायचंस. कोड लिहिणाऱ्या पोरांना हे वाक्य कधी ऐकूच येणार नाही.

नर्सिंगमध्ये एक वाक्य पोरींच्या डोक्यात घट्ट बसवतात: लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. चूक नाही ते. पण माझं मत विचारशील तर या वाक्यानं थोडं नुकसानही केलंय. लिहिणं कोर्टासाठी झालं. चौकटी भरल्या जातात, टिका मारल्या जातात, संगणक आल्यापासून तर कालची नोंद उचलून आज चिकटवली जाते. कायद्याचं म्हणशील तर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत नियम आहे: दाखल रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपायची आणि रुग्णानं मागितली तर ७२ तासांत द्यायची. तो पाळायचाच. पण वाचणारा म्हणून वकील डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली फाईल आणि पुढच्या पाळीची सिस्टर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली फाईल यांतला फरक मला पहिल्या पानावरच कळायचा.

आता मुद्द्यावर येतो. रुग्णाचा इतिहास घेताना जुन्या डॉक्टरांच्या कागदावर एक ओळ असायची, ‘माहिती देणारा’. स्वत: रुग्ण, नवरा, सून, शेजारी, जो कोणी असेल तो. सोलापुरात या ओळीचं मोल फार. पूर्व भागातली विणकरांच्या घरची म्हातारी तेलुगूत सांगणार, अक्कलकोट-इंडीकडून आलेला माणूस कन्नडमध्ये, कोणी दखनीत, मुळेगाव तांड्यावरची बाई बंजारा बोलीत. मधे नातू किंवा जावई दुभाष्या. डॉक्टर लिहितात ते नातवाचं मराठी, म्हातारीचं म्हणणं नव्हे. नातू दहा वर्षांचा असेल तर आजीच्या अंगावरून जाण्याबद्दल तो काय सांगणार, आणि आजी तरी त्याच्या तोंडून काय सांगवणार! म्हणून रुग्णाची भाषा कोणती आणि त्याच्या वतीनं कोण बोललं, हे दोन रकाने नोंदणीच्या पानावर हवेत असा हट्ट धर. कंपनी म्हणेल, क्लायंटनं मागितले नाहीत. तरी धर.

लॉरेन्स वीड नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी १९६८ मध्ये रुग्णनोंदी कशा असाव्यात यावर लिहिलं आणि वैद्यकातली लिहायची रीतच बदलली. रुग्ण काय म्हणतो ते एकीकडं, तपासताना काय दिसलं ते दुसरीकडं, त्यावरून आपल्याला काय वाटतं ते तिसरीकडं आणि आता काय करायचं ते चौथं. दिसायला किती साधं! पण निदान चुकलं तर मागं जाऊन पाहता येतं, कारण मूळ म्हणणं निदानात विरघळून गेलेलं नसतं. मला आयुष्यभरात कळलेलं एवढंच आहे: ऐकलेलं, पाहिलेलं आणि आपण काढलेला अर्थ, या तिन्हींचे रकाने वेगळे ठेवायचे आणि प्रत्येकापुढं कोण, कधी ते घालायचं.

तुमच्या कोडमध्ये याचीच उलटी अडचण असते. काय केलं ते कोड स्वत:च सांगतो, का केलं ते नाही. चादरीच्या मागावर जेकार्डच्या पंचकार्डांची, म्हणजे नक्षी ठरवणाऱ्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची, माळ फिरते, एकेका कार्डागणिक बाण्याचा एकेक आडवा धागा पडतो, यंत्र बिनचूक वाचतं. पण नक्षीतली ही एक ओळ मालकानं मधेच का बदलली ते त्या भोकांत नसतं. तसंच तुमचं. औषधाच्या यादीत एखादा विचित्र नियम कोणीतरी घातलेला असतो, दोन वर्षांनी नवा मुलगा येतो, ‘हे काय फालतू’ म्हणून काढून टाकतो आणि मग कळतं की तो लहान मुलांच्या मात्रेसाठी होता. बदल जमा करताना दोन ओळी लिहायच्या: कोणी मागितलं, का. बास. यावर मी जास्त बोलत नाही, तुझे वरिष्ठ सांगतील. न सांगितल्यास विचार.

आजीचं मात्र सावकाश बोलायला हवं.

मोबाईल धरला की ती गप्प का बसते? लाजते, असं तू लिहिलंस. असेलही. पण एक इतिहास लक्षात घे. अख्ख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. १९११ च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. कैकाडी त्यात आले. आपल्या गावातली सेटलमेंट त्याच काळाची खूण आहे. माणसं कुंपणाच्या आत, ठरल्या वेळेला हजेरी, रजिस्टरात नाव, बोटांचे ठसे. १९५२ च्या ३१ ऑगस्टला कायदा गेला. आजीच्या आईबापांच्या हयातीतलं आहे हे सगळं. आणि एक रेकॉर्डवाला म्हणून सांगतो, ती रजिस्टरं ठेवणाऱ्यानं नेटकीच ठेवली असणार. नेटकं लिहिलेलं सगळं चांगलं असतं असं नाही, पोरी. कोणी, कशासाठी लिहिलं आणि उघडायची मुभा कोणाला, हे आधी पाहायचं. साहेब वही उघडून बसला की आपली भाषा आत ठेवायची आणि मराठीत ‘हो साहेब’ म्हणायचं, हे त्या घरांनी शिकून घेतलं असेल तर नवल काय? तुझ्या हातातला मोबाईल तिला कशासारखा दिसत असेल, तूच बघ.

भाषांच्या सरकारी मोजणीचीही तऱ्हा पाहा. १९७१ पासून जनगणनेत दहा हजारांपेक्षा कमी बोलणारे असलेल्या भाषा वेगळ्या दाखवणं बंद झालं. लमाणी बोलणारे २०११ मध्ये बत्तीस लाखांवर होते, तरी त्यांची गणती हिंदीच्या पोटात. इंग्रजांच्या वेळी ग्रियर्सन नावाच्या अधिकाऱ्यानं भाषांचं मोठं सर्वेक्षण केलं, द्रविड भाषांच्या खंडात कैकाडीचीही दखल घेतली. बहुतेक बोलींतून त्यानं एकच गोष्ट भाषांतर करून घेतली, बायबलातली उधळ्या मुलाची. तुलना करायला सोपं. पण पावसाआधी तुराट्या कशा निवडायच्या, सुनेला काय म्हणून हाक मारायची, मेलेल्या माणसापाशी बसून काय बोलायचं, हे त्यात कुठून येणार!

तेव्हा शब्दांची यादी घेऊन आजीसमोर बसू नकोस. ‘पाण्याला काय म्हणता’ हा प्रश्नसुद्धा हजेरीसारखाच वाटतो. तिच्या माहेरची, तिच्याच वयाची कोणी बाई असेल तर तिला बोलावून आण, दोघींच्या हातात टोपलीचं काम दे आणि तू चहा कर. पहिल्या दिवशी रेकॉर्डर चालू करूच नकोस. दुसऱ्या खेपेला विचारून कर आणि संपल्यावर तिला तिचाच आवाज ऐकव. यातलं काय ठेवायचं, काय पुसायचं, कोणाला ऐकवायचं हे तिला ठरवू दे. पूस म्हणाली तर तिच्यासमोर पूस. मनात हळहळ वाटेल, तरी पूस.

तांत्रिक बाबी तुला माझ्यापेक्षा चांगल्या कळतात, तरी बोलून ठेवतो. व्हॉट्सअॅपवरचा व्हॉइस मेसेज हा मूळ ऐवज नव्हे, त्यात आवाज दाबलेला असतो. मूळ फाईल डब्ल्यूएव्ही या आवाज न दाबणाऱ्या प्रकारात घे, एक प्रत घरी आणि एक दुसऱ्या गावी ठेव. नेदरलँड्समधल्या निमेगनच्या मॅक्स प्लांक संस्थेचं ईलॅन हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात आवाजाच्या पट्टीखाली ओळी लावता येतात: पहिल्या ओळीत आजी जे बोलली ते तसंच, दुसरीत शब्दाशब्दाचा अर्थ, तिसरीत सरळ मराठी, चौथीत तुझी शंका. वीडसाहेबांचे रकाने आठवले का? देवनागरीतच लिही, पण कैकाडीसारख्या द्रविड भाषांत ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ वेगळे असतात, ‘ओ’चंही तसंच, आणि आपल्या मराठी लिहिण्यात ते एकच होऊन जातात. युनिकोडमध्ये ‘ऎ’ आणि ‘ऒ’ अशी अक्षरं आहेत, ती वापर. तेलुगू-कन्नड मैत्रिणींना विचारलंस तर तो फरक त्या लगेच ऐकवतील. सोबत जन्मगाव, सासरचं गाव, अंदाजे वय लिही. नाव घालायचं की नाही ते आजी सांगेल.

आणि हेच परत वॉर्डात लावून बघ. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या बाईचा एचआयव्हीचा अहवाल कोणाकोणाला दिसतो? नोंदणीच्या खिडकीवरच्या मुलाला दिसतो का? कोणी उघडून पाहिला याची नोंद राहते का? माझ्या मते पुस्तिकेत पहिलं पान याचं असावं, लॉगिन कसं करायचं त्याच्याही आधी. कंपनीनं ते मागं ढकललं तर मला कळव, दोन-चार मुद्दे लिहून देईन.

मसुदा झाला की आधी मला पाठवू नकोस. रात्रपाळीच्या एखाद्या सिस्टरला छापून दे आणि सोबत लाल पेन दे. जिथं अडखळेल तिथं तिनं फुली मारायची, कारण सांगायची गरज नाही. मग तो फुल्यांसकटचा कागद मला धाड, साफ करून नको.

तुझा,
काका