वय झालं, मळा झेपत नाही. सोडून द्यावा का, आणि घरी किती ठेवावं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय: वय 68, गावाबाहेर दहा गुंठ्यांचा मळा, दोन्ही गुडघे धरलेले. पुण्याचा मुलगा रोज फोनवर "सोडा आता" म्हणतो आणि पारावरचे मित्र म्हणतात, मळा सोडला की माणूस खाटेला लागतो. खरं कुणाचं, आणि कमी करायचं तर सुरुवात कुठून करायची, असा तुमचा प्रश्न.

मी लातूरची. वय 72, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. वाटणीत आलेल्या बारा गुंठ्यांत आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं माळवं, म्हणजे भाजीपाला केला. आता तो तुकडा दुसरं कुटुंब कसतं आणि मी घरामागच्या वाफ्यांत आणि गच्चीवर असते.

सोडा. पण हातपाय चालतायत तोवर सोडा. धडधाकट माणूस मळा सोडतो तेव्हा तो कुणाच्या हाती द्यायचा हे त्याचं त्याला ठरवता येतं. नव्या माणसाला सोबत घेऊन फिरता येतं. पाइप कुठून पुरलाय, पाणी कुठल्या कोपऱ्यात साचतं, कोणतं लिंबू रसाचं आणि कोणतं नुसतं सालीचं, हे सगळं पायांनी चालत दाखवायचं असतं. दवाखान्यात पडून मळा सोडणाऱ्याच्या वाट्याला हे येत नाही. पहिल्या पावसात गाजरगवत कमरेला लागतं, मोकाट जनावरं कुंपण मोडतात आणि शेजारचा भला माणूस दरसाल नांगरताना एकेक ओळ बांध कोरत आत सरकतो. मग मुलगा चार दिवसांची रजा काढून येतो आणि मिळेल त्या भावानं विकून जातो. त्यात त्याचाही काही दोष नसतो.

मित्रांचं म्हणणंही अगदीच खोटं नाही. सकाळी उठून कुठंतरी जायचं असणं ही गोष्ट साधी नाही. पण खाटेला लागतात ते बहुतेक एका दिवसात सगळं टाकून बसलेले. तुम्ही दोन सालं घ्या. पहिल्या साली कमी करा, दुसऱ्या साली द्या.

आता कमी कसं करायचं. लोक गुंठे मोजतात, दहाचे पाच करू म्हणतात. पाच गुंठ्यांत टोमॅटो, वांगी, मिरची लावून बघा, दहा गुंठे तुरीपेक्षा जास्त राबवून घेतात की नाही! माणूस थकतो तो खेपांनी, वाकण्यानं आणि पाण्याच्या पाळीनं. म्हणून जे पीक तुम्हाला रोज बोलावतं ते आधी बंद करा. टोमॅटोला बांधणी आणि फवारणी, वांग्याला शेंडा पोखरणारी अळी, मिरचीवर चुरडा-मुरडा. 16 लिटरचा पाठीवरचा पंप भरला की अठरा-वीस किलोचा होतो, आणि चिखलात तो घेऊन चालायचं म्हणजे गुडघ्याचं उरलंसुरलंही गेलं. ही तीन पिकं बाजारातून आणा, मला त्यात काडीचा कमीपणा वाटत नाही. त्यांच्या जागी लाल भोपळा टाका. मृगाच्या पावसावर दोन-चार आळी केली की वेल जमीन झाकतो आणि खालच्या तणाला फार डोकं वर काढू देत नाही. दोडका, वाल कुंपणावर चढवा, तोडायला वाकावं लागत नाही.

रात्री पाणी द्यायला जाणं मात्र आजच्या आज बंद करा. त्यासाठी पहिलं साल संपायची वाट बघू नका. शेतीपंपाची वीज आपल्याकडे कधी दिवसा, कधी रात्री. तरण्या पोरालाही अंधारात दारं धरताना घोणस, मण्यार दिसत नाही, आपल्याला काय दिसणार. ठिबक असेल तर दिवसाच्या पाळीतच चालवा. ठिबक नसेल आणि दिवसाचं पाणी पुरत नसेल, तर तेवढं क्षेत्र पडीक पडू द्या. आणि देव न करो, कुणाला चावलंच तर बांधाबांधी, कापाकापी न करता पाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना. सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथं मिळतं.

तणाचं सांगायचं तर आपली काळी जमीन म्हाताऱ्यांसाठी केलेलीच नाही. पावसात चपलेला शेर-शेर चिखल धरते, मे महिन्यात अशा भेगा पडतात की पाऊल आत जाऊन घोटा मुरगळावा. खुरपायचं तर वाफसा आल्यावरच, म्हणजे चिखल सुकून नुसती ओल उरल्यावर, आणि वाफसा दोन-चार दिवसच टिकतो. तेवढ्या दिवसांत खुरपणाऱ्या बाया मिळाल्या नाहीत की सगळं तण आपल्या अंगावर. याला मला दोनच उपाय लागू पडलेले दिसतात. एक, उभ्यानं ढकलायचं सायकल कोळपं, ओळीत लावलेल्या पिकासाठी. दुसरा, आच्छादन. दिवाळीच्या आसपास आपल्याकडे सोयाबीनचं भुसकट ढिगानं पडलेलं असतं, कित्येक जण नुसतं पेटवून देतात. ते मागून आणा आणि झाडांच्या ओळीत तीन-चार बोटं जाड पसरा, खोडाला न चिकटवता. तण निम्म्यावर येतं, पाण्याची पाळी लांबते. लव्हाळा तेवढा त्यातूनही वर येतो. त्याच्या गाठी खोल असतात. त्याच्याशी भांडण मी सोडून दिलं. भुसकटात हात घालण्याआधी काठीनं हलवून बघायचं, एवढं विसरू नका.

झाडं ठेवा. सीताफळ ठेवाच. शेळ्या पाल्याला तोंड लावत नाहीत, एकदा मूळ धरलं की उन्हाळा काढतं, आणि बालाघाटच्या डोंगरात तर ते कुणी न लावताही येतं. बीडच्या सीताफळाला आणि मराठवाड्याच्या केशर आंब्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे आपण काही ऐऱ्यागैऱ्या झाडांना धरून बसलेलो नाही. शेवगा दरसाल छातीच्या उंचीवर छाटला तर शिडी लागत नाही. शिडीवर चढणं बंद, हे लिहून भिंतीला लावा. उंच आंबा असेल तर तोडायला माणूस लावा आणि त्याला अर्धे आंबे द्या. पडून मोडलेल्या खुब्यापेक्षा ते स्वस्त.

दुसऱ्या साली द्यायचं ठरलं की गुढीपाडवा गाठा. आपल्याकडे सालगड्याचं साल पाडव्यालाच बदलतं, लोक त्या सुमारास नव्या वावराच्या शोधात असतात आणि मृगाआधी मशागतीला वेळही मिळतो. बटईनं (पिकात वाटा) द्या किंवा ठोक्यानं (वर्षाची ठरलेली रक्कम). माझं झुकतं माप ठोक्याला. बटईत हिशोब बघायला जावं लागतं, म्हणजे खेपा काही सुटत नाहीत. पण कागद करा. मराठवाड्यात कुळाचा कायदा पश्चिम महाराष्ट्रातला लागू नाही, आपला निजामाच्या राज्यातून आलेल्या मुलखाचा वेगळा, हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950. तोंडी दिलेली जमीन वर्षानुवर्षं एकाच माणसाकडे राहिली की पुढच्या पिढीत वाद उभे राहतात. गावातल्या अनुभवी वकिलाला दाखवून लिहून घ्या. आणि ई-पीक पाहणी स्वतः भरा. 2021 पासून ती मोबाईलवर आहे, सातबाऱ्यावरचा पिकाचा रकाना त्यावरूनच भरला जातो. मोबाईल जमत नसेल तर नातवाला बसवा, पण दुसऱ्याच्या हाती ते काम देऊ नका.

माणूस निवडताना पैशापेक्षा एक गोष्ट बघा: त्याचं घर मळ्यापासून किती लांब आहे. आमच्याकडे ठोका जास्त देणारा माणूस आला होता, पण राहायला दुसऱ्या टोकाला. आम्ही शेजारच्या वस्तीवरच्या तरुण जोडप्याला दिला, कमी पैशात. ती दोघं रोज तिथंच असतात, त्यामुळे कुंपणाचा एक खांब कलला तरी संध्याकाळी आम्हाला कळतं.

करार करताना मी एक अट घातली, ती तुम्हीही घाला: येळवशीला (वेळ अमावस्येला) वावर आमचं. तुम्ही लातूर-धाराशिवकडचे असाल तर वेगळं सांगायला नको. मार्गशीर्षातल्या अमावस्येला अख्खं लातूर शहर रिकामं होतं, ज्याला त्याला वावरात जायचं असतं. कडब्याची कोप म्हणजे खोपी, पांडवांची पूजा, भज्जी म्हणजे मिसळ भाजी, आंबील, बाजरीचे उंडे. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी बोलावतंच, तो आपल्याकडचा रिवाज आहे. पण इतकी वर्षं बोलावणाऱ्यांत असलेल्या माणसाला एकदम पाहुणा होऊन जायला जड जातं. मळा सोडायच्या विचारानं आमच्या घरात सगळ्यात जास्त कालवाकालव झाली ती याचीच, उत्पन्नाची नाही. आता कोप ती दोघं बांधतात, भज्जी आमच्या घरून जाते आणि दोन्ही घरं तिथंच जेवतात.

याचाच दुसरा भाग कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. मळा असतो तेव्हा आपण देणारे असतो. गल्लीत मेथीच्या पेंड्या, शेजारी वाल, जावेकडे लिंबं. सोडल्यावर लोक आणून देऊ लागतात, आणि घेणं देण्यापेक्षा अवघड आहे. माझं उत्तर कढीपत्ता. घरामागं एक झाड आहे, त्याला फारसं काही करावं लागत नाही, आणि अर्धी गल्ली त्याच्यावर फोडणी देते. घरी काहीही कमी करा, पण वाटता येईल असं एक झाड ठेवा.

घरी किती ठेवावं? दोघांच्या जेवणाला पुरेल एवढा पाला, बस. मेथी महिन्याभरात हाताशी येते, कोथिंबीर थोडी जास्त घेते, अंबाडी खुडत राहिलं की फुटत राहते. थंडीत एका टबात करडई दाट पेरा आणि काटे धरायच्या आत कोवळी खुडा. तेलासाठी लावणारे पुष्कळ, भाजीसाठी लावणारे आता कमी, आणि बाजारात ती भाजी दिसतही नाही. भेंडी हवीच असेल तर परभणी क्रांती बघा, आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठाचं वाण आहे, पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला दाद न देण्यासाठी काढलेलं.

वाफे जमिनीवर नकोत. प्लास्टिकचे ड्रम आडवे अर्धे कापून, तळाला भोकं पाडून, कमरेच्या उंचीच्या लोखंडी घोड्यावर ठेवा, म्हणजे वाकणं संपलं. त्यात नुसती काळी माती भरू नका, वाळली की दगड होते आणि कडेनं सुटते, वरचं पाणी सरळ खाली. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारखं घ्या. गच्चीवर ठेवणार असाल तर वजनाचा विचार करा: एक घनफूट ओली माती 50 किलोच्या आसपास भरते. टब भिंतीच्या किंवा बीमच्या वर ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको.

आणि एप्रिल-मे सुट्टी घ्या. टब रिकामे करा, माती उन्हात तापू द्या. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पिण्याचं पाणी आलं, तेव्हापासून मला उन्हाळ्यात पालेभाजीवर पाणी ओतायला हात धजत नाही. झाडांपुरतं म्हणाल तर बुंध्यापासून हातभर अंतरावर साधं भाजलेलं मातीचं मडकं मानेपर्यंत पुरा आणि भरून झाकण ठेवा. पाणी झिरपत राहतं, रोज बघावं लागत नाही.

तब्येतीचं थोडक्यात. साखर असेल तर अनवाणी मातीत जाऊ नका, पायाला लागलेलं कळत नाही. बीपीची लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात डॉक्टरांना सांगा की तुम्ही उन्हात काम करता. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत झालं नसेल तर घ्या.

मुलाला एवढंच सांगा की सोडतोय, पण माझ्या वेळापत्रकानं. तो गप्प बसेल.

तुमच्या मळ्याला पाणी विहिरीचं की बोअरचं, आणि सातबारा एकट्याच्या नावावर की भावांत सामाईक, हे लिहा. सामाईक असेल तर ठोक्यानं द्यायच्या आधी भावांची संमती लेखी घ्यावी लागेल, आणि मग पाडव्याच्या बऱ्याच आधी सुरुवात करायला हवी.