आधी ओहम, मग वॅट

पोरा,

परवा शेडवरनं तोंड पाडून गेलास ते डोक्यातनं जाईना. गिऱ्हाईक उभं होतं म्हणून धड बोललो नाही, आणि फोनवर मला काय समजावता येत नाही हे तुला माहीत हाय, म्हणून लिहायला बसलोय.

गाडीतल्या सबला, म्हणजे बासच्या मोठ्या स्पीकरला, अँप बघत तीन दुकानं फिरलास. एकानं 1000 वॅटचा मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा अँप, दाखवला, दुसऱ्यानं 4000 वॅट छापलेला डब्बा गळ्यात मारायला बघितलं, आणि तुझा तो कोल्हापूरचा मित्र म्हणतोय एक ओहमला लाव, काचा हलतील. तिघांतल्या एकानं तरी विचारलं काय तुझ्या सबची कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, किती ओहमची हाय? नाही ना. आणि तू पण वॅट वॅट करत फिरलास. आधी ओहम बग रे, म्हणजे करंटला अडथळा किती ते; जितका कमी, तितका अँपवर ताण जास्त. मग वॅट.

तुझे सब 12 इंची, दोन, प्रत्येकाला 4-4 ओहमच्या दोन कॉइल, 300 वॅट आरएमएस, म्हणजे सतत झेपणारी ताकद. म्हणजे एकूण चार कॉइल झाल्या. सगळ्या पॅरलल केल्यास, म्हणजे लाल लाल एकत्र नि काळ्या काळ्या एकत्र, तर 1 ओहम. एका सबच्या दोन सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढं एक, घेऊन 8 केलं आणि असे दोन सब पॅरलल जोडले तर 4 ओहम. सगळंच सिरीज केलं तर 16, ते काय कामाचं नाही. आता बग, यात 2 कुठंच येत नाही! आणि तुला दाखवलेला तो मोनो कितीला चालतोय? 2 ला. त्याच्या खाली त्याला चालत नाही. त्याला 1 ओहम लावलास तर गरम होऊन बंद पडत राहणार नाहीतर जळणार, आणि 4 लावलास तर 1000 मधले निम्म्याच्या आसपास मिळणार. पैसे मात्र 1000 चे मोजलेस. हे त्या दुकानदाराला कळत नाही असं नाही, त्याला माल काढायचाय.

4000 वाल्याचं तर सोडूनच दे. त्याच्या मागं फ्यूज किती होते बघितलास? 30 चे दोन. 60 अँपिअर गुणिले 13.8 व्होल्ट, सव्वाआठशे वॅट आत जातायत, बाहेर 4000 कुठनं येणार, देवळातनं? मॅक्स, पीक असलं काही लिहिलेलं असलं की तो आकडा वाचायचाच नाही. आरएमएस वाचायचा, आणि त्याच्या शेजारी किती ओहमला ते वाचायचं. ओहम लिहिलेला नसेल तर डब्बा खाली ठेवून दुकानातनं बाहेर ये.

मी एवढा का तापतोय ते सांगतो.

2003 च्या आसपासची गोष्ट. निपाणीकडचा एक गडी सुमो घेऊन आला, दोन सब, 2-2 ओहमच्या डबल कॉइलवाले. माझा हात तेव्हा भारी चालायचा, मीटर खिशात असून पण काढायचो नाही. लाल लाल एकत्र, काळ्या काळ्या एकत्र, दिलं जोडून. शेडचे पत्रे थरथरले बग, चार पोरं नाचली. तिसऱ्या दिवशी संकेश्वरच्या पुढं अँप गेला. मी म्हटलं तुमची बॅटरी वीक हाय. त्यानं बॅटरी घेतली, अँप घेतला, तो पण गेला. तेव्हा कुठं मी बॉक्स उघडून मीटर लावला तर अर्धा ओहम सुद्धा दाखवेना, आणि अँप होता 2 ओहमचा. गप्प वायरी फिरवल्या, सिरीज करून पॅरलल केलं, 2 आलं, आणि त्याला सांगितलं 'सेटिंग केलंय'. पुढच्या खेपेला त्या माणसानं मला किलोभर कुंदा आणून दिला, थँक्यू म्हणून. घरच्यांनी खाल्ला. मी एक घास घेतला तो गिळता येईना.

आता तू म्हणशील मामा, तुम्ही त्याला सांगितलं का नाही. अरे, तेव्हा डायग्राम कोण देत होतं, आमच्या उस्तादांनी जसं दाखवलं तसं आम्ही करायचो, आणि दोन अँपचे पैसे भरून द्यायची माझी ऐपत होती काय? नव्हती. असू दे. पण त्या दिवसापासनं मीटर लावल्याशिवाय मी एक वायर जोडत नाही, पोरं हसतात, बेळगावच्या उद्यमबागेतले जुने गडी मला 'ओहम मामा' म्हणतात, म्हणू देत. दुकानाच्या बोर्डावर कन्नड किती नि मराठी किती यावरनं आपल्याकडं भांडणं होतात, मीटर दोन्हीकडच्याला एकच आकडा दाखवतोय.

हां, मोजताना एक लक्षात ठेव. 4 ओहमच्या कॉइलवर मीटर बरोब्बर 4 दाखवत नाही, साडेतीनच्या आगंमागं दाखवतोय, ते बरोबर हाय, घाबरून सब परत करायला पळू नको. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकाला टेकवून काय येतंय ते बघायचं आणि ते वजा करायचं.

मग तू काय घ्यायचं? दोन चॅनलचा अँप घे, जो ब्रिज करून, म्हणजे दोन्ही चॅनल मिळून एक करून, 4 ओहमला 600 आरएमएस देतोय. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला 2 ओहमच पडतोय, म्हणून चॅनलला 2 चालतंय असं लिहिलेलं पाहिजे. 1200 च्या मागं लागू नको, 600 चे 1200 केलेस तर वाढतात 3 डेसिबल, कानाला जरासं जास्त, आणि तुझ्या स्विफ्टचा अल्टरनेटर रडतोय ते वेगळं. 600 साठीच फुल आवाजाला 55 ते 70 अँपिअर ओढणार, लहान गाडीचा अल्टरनेटर साधारण तेवढाच असतोय. 4 गेजची प्युअर कॉपर वायर, बॅटरीपासनं दीड फुटाच्या आत फ्यूज, ग्राउंडला रंग खरवडून पत्रा उघडा कर. हे तुला येतंय, लांबण लावत नाही.

अँपवरचा गेन म्हणजे आवाजाचं बटन नव्हे, स्टिरिओच्या सिग्नलला अँप जुळवायचं बटन, हे मात्र शंभरदा सांगून झालं. सबच्या वायरी काढ, बास बूस्ट बंद, स्टिरिओ पाऊण आवाजावर, 50 हर्ट्झचा टोन लाव आणि अँपच्या आउटपुटला एसी व्होल्ट मोज. 600 गुणिले 4, त्याचं वर्गमूळ, 49 व्होल्ट. तिथं थांबायचं. त्याच्यापुढं फिरवलंस की लहरीचं डोकं कापलं जातंय आणि कॉइल तापतीय. लहान अँपनं सब जळत नाही असं सांगणारे लई भेटतील. त्यांना जळलेल्या कॉइलचा वास दे. कोन दोन्ही हातांनी हळू दाबून बघ, खरखर लागली की समज गेला.

रविवारी सकाळी ये. अँप आणू नको, नुसते सब आण, डब्यातनं काढलेले. आणि येताना तुझा मीटर पण आण, माझ्याची काळी पिन सैल झालीय, कधी 3.6 दाखवतीय कधी 40.

— मामा