न कळता 'हो' म्हणू नकोस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा सतरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज काल रात्री दोनदा ऐकला. पहिल्यांदा नुसतं तुझं रडणं ऐकू आलं, तू सांगतेस काय ते दुसऱ्यांदा कळलं. फोन लावणार होते, पण तुझी शाळा साडेआठला भरते तेव्हा इथे पहाटेचे तीन वाजलेले असतात. शिवाय फोनवर मी मध्येच चिडते. म्हणून लिहितेय. शेजारचा मुलगा पानांचे फोटो काढून पाठवेल.

तू किती लांब गेलीस, कसं कर्ज काढून गेलीस, आईबाबांना किती अभिमान आहे, हे लिहिण्यात मी पान घालवणार नाही. मेलबर्नच्या त्या शाळेतला शिकाऊ शिक्षिका म्हणून तुझा पहिला दिवस वाईट गेला, हेही मला पटलेलं नाही. सव्वीस मुलांचा वर्ग, त्यातल्या निम्म्यांच्या घरी इंग्रजी नाही, कुणाची अरबी, कुणाची व्हिएतनामी, दोघांची पंजाबी. हजेरी घेताना चार नावं चुकलीस. टोपी नसेल तर मुलांना उन्हात खेळू देत नाहीत हे तुला कुणी आधी सांगितलं नव्हतं. हे सगळं आठवड्याभरात सुटेल. त्यासाठी रडायचं कारण नाही.

रडायचं कारण वेगळं आहे, आणि ते तू मेसेजच्या अगदी शेवटी, घाईघाईत सांगितलंस. पिवळं जाकीट घालून मधल्या सुट्टीत मैदानावर देखरेखीची पाळी करत होतीस. प्रेपमधला, म्हणजे आपल्या पहिलीच्याही आधीचा, एक मुलगा आला आणि काहीतरी म्हणाला. तुला कळलं नाही. तो पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला. तू हसून 'यस, यस' म्हणालीस आणि तो निघून गेला. 'बाई, माले काहीच समजनं नही वं,' असं तू मला म्हणालीस. हे त्याला का नाही म्हणालीस? अहिराणीत नाही तर इंग्रजीत. तीन शब्द लागतात त्याला.

तू कशाला 'हो' म्हणालीस हे तुला माहीत आहे का?

मला हे विचारायचा अधिकार आहे. तो कुठून आला ते सांगते. ही गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही.

1986 साली मला पहिली नेमणूक मिळाली ती अक्राणी तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेवर. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, सगळं धुळ्यातच होतं. शहाद्याहून म्हसावदमार्गे घाट चढून धडगाव, तिथून जीप मिळाली तर जीप, नाहीतर पायी. मी अमळनेरकडची, घरात अहिराणी, डी.एड.ला पुस्तकी मराठी. मुलं पावरी, म्हणजे तिथल्या पावरा आदिवासींची बोली, बोलायची. मला वाटलं होतं, सातपुड्याच्या पायथ्याशी जन्म गेला, आपल्याला काय अवघड? पहिल्या दिवशी समोर बत्तीस मुलं बसली होती आणि त्यांच्या बोलण्यातला एक शब्द मला उचलता येत नव्हता. मी काय केलं असेल? हसले. मान हलवली. शाब्बास म्हणाले. वर्षभर तेच करत राहिले आणि लोकही म्हणायचे, बाई फार प्रेमळ आहेत.

दुसऱ्या वर्षी दुसरीत एक मुलगी होती. तिचं नाव लिहीत नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी, शाळा सुटल्यावर ती दारात थांबली. हातात पाटी होती. मला काहीतरी विचारलं. मला जीप गाठायची होती. तिने पुन्हा विचारलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, 'हो हो.' ती हसली आणि पळत उतारावरून गेली.

सुट्टीनंतर ती आली नाही. तिकडची कितीतरी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला, मजुरीला गुजरातेत उतरतात, हे तुला सांगायला नको. जानेवारीत मुख्याध्यापक म्हणाले, तपासणी येतेय, सतत गैरहजर असलेली नावं पटावरून कमी करा. मी लाल शाईने सहा नावं कमी केली. त्यात तिचं होतं.

होळीला माणसं गावी परततात. होळीआधीचा भोंगऱ्याचा बाजार झाला आणि एका सकाळी ती दारात उभी राहिली, तीच पाटी घेऊन. मी हजेरी घेत होते. तिने दुसरीची सगळी नावं शेवटपर्यंत ऐकली. तिचं नाव आलं नाही. मी मान वर केली तेव्हा दारात कुणी नव्हतं. तिचा भाऊ चौथीत होता, त्याला बऱ्यापैकी मराठी यायचं. त्याने सांगितलं की दिवाळीआधी तिने मला विचारलं होतं, 'मी येईपर्यंत माझं नाव ठेवशील ना?'

आणि मी म्हणाले होते, हो हो.

दुसऱ्या दिवशी मी पाड्यावर गेले. नाव पुन्हा लिहिते म्हणाले, भावाने तिला सांगितलं. ती बकरीचं दावं हातात घेऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघितलंही नाही. शाळेत ती परत आली नाही.

आता सांग, तो मुलगा तुला काय म्हणाला असेल? पाणी कुठे आहे विचारलं असेल, किंवा मला कुणी खेळायला घेत नाही. किंवा तिसरंच काही. तुझ्या 'यस'चा त्याने काय अर्थ घेतला, तेही तुला ठाऊक नाही. पाच-सहा वर्षांचं पोर, तिथलं शाळेचं वर्ष जानेवारीअखेरीस सुरू होतं, म्हणजे त्याला शाळेत येऊन जेमतेम महिना झालाय. तू त्या शाळेत जितकी नवी, तितकाच तोही. न कळता 'हो' म्हणणं म्हणजे न वाचता कागदावर अंगठा उठवणं. आपल्या आज्यांनी असे अंगठे उठवून शेतं घालवली आहेत.

तू म्हणशील, मार्गदर्शक बाईंसमोर 'कळलं नाही' म्हटलं तर त्या रिपोर्टमध्ये लिहितील, इंग्रजी कच्चं. लिहू देत. दोन वर्षांच्या कोर्सला निदान साठ दिवस अशा शाळांत काढायचे आहेत, तेही बिनपगारी. तिथल्या गरजू मुलांना त्या दिवसांचा सरकारी भत्ता मिळतो, बाहेरून गेलेल्यांना तोही नाही. रात्री दुकानात उभी राहून तू हे दिवस विकत घेते आहेस. ते मान हलवण्यात घालवणार का?

ही मान हलवायची सवय कुठून लागते तेही मला माहीत आहे. मी पहिलीत गुरुजींना 'माले समजनं नही' म्हणाले, तेव्हा सगळा वर्ग हसला आणि गुरुजी म्हणाले, 'आधी नीट बोल.' त्यानंतर चौथी होईपर्यंत मी न समजल्याचं कुणाला सांगितलं नाही. आणि मोठी होऊन मी तुम्हाला काय शिकवलं? भागाकार झाला की मी विचारायचे, 'समजलं का?' आणि तुम्ही सगळी एका सुरात 'होऽऽ बाई!' त्यात तुझा आवाज सगळ्यात मोठा असायचा. तुला तेव्हा भागाकार येत नव्हता, आणि ते मला ठाऊक होतं. मी पुढचं पान उलटलं. त्याबद्दल मी आज तुझी माफी मागते.

मेसेजमध्ये तू म्हणालीस, 'मी त्यांना साने गुरुजींसारखं नुसतं प्रेम देईन.' नुसतं प्रेम कधी कुणी दिलं नाही, पोरी. गुरुजी 1924 ते 1930 आपल्या अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये होते, वसतिगृह सांभाळायचे आणि मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढायचे. दैनिक, म्हणजे रोज! मुलांचं रोज ऐकल्याशिवाय मुलांसाठी रोज लिहिता येत नाही.

त्या होळीनंतर मी एक दोनशेपानी वही घातली. मुलं बोलतील तो पावरी शब्द डावीकडे, मराठी उजवीकडे. दर वेळी मुलांना विचारायचे, 'मला कळलं नाही, पुन्हा सांग.' आधी ती घाबरली, मग त्यांना त्यात मजा वाटायला लागली. बाईंना येत नाही आणि आपल्याला येतं, हे सुख त्यांना शाळेत पहिल्यांदा मिळत होतं. मुलं मागच्या रांगेतून पुढे सरकायला लागली. एका साहेबांनी भेटीच्या शेऱ्यात लिहिलं की बाई वर्गात प्रमाण भाषा वापरत नाहीत. मी वही बंद केली नाही. बदलीचा अर्ज करायला घरचे सांगत होते, तोही नऊ वर्षं केला नाही. सासरी यावरून जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. लोक म्हणाले हट्टी आहे. मग 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आलं की शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत मुलांना घरच्या भाषेत शिकवावं. तो शेरा अजून माझ्या सेवापुस्तकात आहे. तेव्हा हट्टी कोण होतं, हे आता कुणी मला विचारत नाही. असो. हे तुझं पत्र आहे.

त्या शाळेतला तुझा पुढचा दिवस, पुढचा शुक्रवार, यायला सहा दिवस आहेत. त्या मुलाला शोध. उभ्याने बोलू नकोस, त्याच्या उंचीला बस. म्हण, परवा तू मला काही सांगत होतास, मी 'यस' म्हटलं, पण मला कळलं नव्हतं. पुन्हा सांग. तरी कळलं नाही तर म्हण, दाखव. तो हात धरून नेईल तिकडे जा. तरीही नाहीच कळलं तर त्याच्या भाषेचं दुसरं मूल बोलाव. विसरला असेल, तर विसरला. पण विचार. आणि ती चार चुकलेली नावं त्या त्या मुलाकडून म्हणून घे, देवनागरीत लिहून ठेव. आपल्या लिपीत ती इंग्रजीपेक्षा नीट बसतील. तुझं आडनाव त्यांना म्हणता येत नाही ना? त्यांनाही दहादा म्हणायला लाव.

होळी आठ दिवसांवर आली आहे. शहाद्याच्या स्टँडवर गुजरातहून परतणाऱ्यांच्या गाड्या उतरायला लागल्यात, गाठोडी, भांडी, कडेवर पोरं. मी या दिवसांत भाजी आणायला मुद्दाम त्या बाजूने जाते. तिचं वय आता पंचेचाळीसच्या पुढे असेल, समोर आली तरी मी ओळखणार नाही. तरी जाते.

तुझ्या आईकडे बिबड्यांचा डबा दिला आहे, कुणी येणारं असलं की पाठवेल. शुक्रवारी तो मुलगा काय म्हणाला ते मला लगेच कळव. पहाटेचे तीन वाजले असले तरी फोन कर, मी जागीच असेन.

तुझी,
बाई