वाचक विचारतात: जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह वॅगन घ्यायची म्हणताय, पण…

या वेळी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच जातीच्या गाडीवर आलीत, सेकंडहँड ऑल-व्हील-ड्राइव्ह वॅगन, म्हणजे मागे लांब डिकीची, चारही चाकांना इंजिनाची ताकद जाणारी गाडी. आणि जवळजवळ सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच, "खर्च किती येईल?" मजुरीचा दर प्रत्येक ठिकाणी वेगळा, त्यामुळे आकडा सांगून उपयोग नाही. मी कामाचा आकार सांगतो, म्हणजे पार्ट महाग की मजुरी महाग, काम तासाचं की दोन-तीन दिवसांचं. त्यावरून तुमच्या मेकॅनिकचं कोटेशन बरोबर आहे की तो तुम्हाला गिऱ्हाईक बनवतोय ते तुम्हीच ओळखा.

प्रश्न: काका, 2004 ची 2.5 लिटर सुबारू आउटबॅक बघून ठेवलीये. गाडी स्वच्छ आहे, मालक पण बरा वाटतो, पण ज्याला त्याला विचारलं की तो "हेड गॅस्केट" एवढंच म्हणतो. खरंच एवढी भीती बाळगायची का?

भीती नको, पण टॉर्च घेऊन गाडीखाली झोपायची तयारी ठेव. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारं हेड यांच्यामधलं सील. या गाडीत बॉक्सर इंजिन आहे, म्हणजे सिलिंडर उभे नसून डावी-उजवीकडे आडवे पसरलेत, त्यामुळे हेड गॅस्केटची खालची कड कायम ऑइल आणि कूलंटच्या संगतीत राहते. आता 2.5 इंजिनाचेही दोन प्रकार, आणि लोक दोघांची गोष्ट एकत्र सांगतात म्हणून घोळ होतो. 1996 ते 1999 चं डबल कॅमवालं (प्रत्येक हेडमध्ये व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट) इंजिन आतून लीक व्हायचं, सिलिंडरमधला गॅस थेट कूलंटमध्ये. बाहेर एक थेंब दिसत नाही, गावात फिरताना गाडी गुणाची, आणि लांबच्या रस्त्यावर चढाला लागली की अचानक तापमानाचा काटा वर. ओव्हरफ्लो बाटलीत बुडबुडे येत असतील किंवा कूलंट काळपट झालं असेल तर हेच समजायचं. 2000 नंतरचं सिंगल कॅमवालं, म्हणजे तू बघतोयस ते, बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूला पाझरतं, हेड आणि ब्लॉक जिथे मिळतात त्या रेषेवर खालून ओलसर तेल, कधी कूलंटचा सुकलेला पांढरट-हिरवा डाग. हे हळू वाढतं, वर्षानुवर्षं काढतात लोक, फक्त लेव्हल बघत राहावं लागतं.

घ्यायच्या आधी काय करशील तर गाडी गार असताना जा (मालकाने आधीच चालू करून गरम ठेवली असेल तर का ते विचार), रेडिएटरचं झाकण उघडून कूलंट बघ, मग चांगली अर्धा तास चालव, नुसती गल्लीत नाही, आणि परत आल्यावर बाटली बघ. मेकॅनिककडून ब्लॉक टेस्ट करून घे, रेडिएटरच्या तोंडाशी निळं केमिकल धरतात, कूलंटमध्ये जळका गॅस असेल तर ते पिवळं पडतं. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, यावर पैसे वाचवू नकोस. आणि खालून इंजिन नुकतंच चकचकीत धुतलेलं दिसलं तर खूश होऊ नकोस, आठवड्याने परत बघायला जा.

खर्चाचं म्हणशील तर गॅस्केट स्वतः काही महाग नाही, पैसा जातो तो मजुरीत, कारण बरेचसे मेकॅनिक इंजिन खाली उतरवूनच हे काम करतात आणि हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, बाहेर पाठवतात, दोन-तीन दिवस सहज. म्हणून एकदा उतरवलंच तर टायमिंग बेल्ट, टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप, क्रँकचं पुढचं सील, आणि मॅन्युअल असेल तर क्लच पण, सगळं त्याच फेरीत कर. वेगवेगळं करायला गेलास तर तीच मजुरी तीनदा भरशील. गॅस्केट मल्टी-लेयर स्टीलचं, म्हणजे पोलादी पत्र्याच्या अनेक थरांचं, घालायला सांग, तेच पुन्हा स्वस्तातलं घातलं तर पुन्हा तिथेच येशील. आणि टायमिंग बेल्ट बदलल्याचा पुरावा माग. अमेरिकेत त्या काळच्या या गाड्यांना 1,05,000 मैलांचं अंतर दिलेलं असायचं, काही देशांत त्याहून कमी. पुरावा नसेल तर बदललेलाच नाही असं धरून किमतीतून वजा कर, कारण या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि मग गॅस्केटचा खर्चसुद्धा किरकोळ वाटायला लागतो.

2013 पासून आउटबॅकच्या 2.5 ला नवीन चेनवालं इंजिन आलं, तिथे बेल्टची कटकट नाही. त्याऐवजी सुरुवातीच्या काही वर्षांत ऑइल पिण्याच्या तक्रारी आल्या, अमेरिकेत त्यावर खटला होऊन 2016 मध्ये तडजोड झाली. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सची वॉरंटीसुद्धा तिथे काही मॉडेलना वाढवून 10 वर्षं किंवा 1,00,000 मैल केली होती. म्हणजे नवीन घेतली की सुटलो, असं काही नाही.

प्रश्न: दादा, माझ्या वॅगनचा एक टायर साइडने फाटला, दुकानदाराने त्याच साइजचा एक नवा टाकून दिला. बाकी तीन बरे होते. दोन-तीन महिन्यांनी पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग फिरवून वळताना गाडी अडखळायला लागली, कोणीतरी ब्रेक धरून ठेवल्यासारखी. गॅरेजवाला म्हणतो गिअरबॉक्स गेला. एका टायरमुळे गिअरबॉक्स कसा जाईल?

ताई, जातो. साइज एक असून चालत नाही, घेर एक लागतो. हिशोबच बघा. नव्या टायरची खाच साधारण 8 मिलिमीटर, तुमचे बाकीचे 5 वर आलेले असतील असं धरू. त्रिज्येत 3 मिलिमीटरचा फरक म्हणजे घेरात जवळजवळ 19. टायरचा घेर दोन मीटरच्या आसपास, म्हणजे किलोमीटरला पाचशे फेरे, आणि एका किलोमीटरमागे नवं चाक आणि जुनं चाक यांच्यात नऊ मीटरहून जास्त फरक. त्या ॲक्सलच्या सरासरीत तो निम्मा होतो, पण तेवढाही पुढच्या-मागच्या चाकांमधल्या कपलिंगला रोज, सरळ रस्त्यावरसुद्धा, गिळावा लागतो. एरवी ते फक्त वळणावर काम करतं, आता त्याला सुट्टीच नाही. व्हिस्कस कपलिंग असेल तर आतलं सिलिकॉनचं द्रव तापून तापून घट्ट होतं, क्लच प्लेटवालं असेल तर प्लेटा जळतात. मग पुढची आणि मागची चाकं एकमेकांना बांधल्यासारखी होतात आणि वळताना रस्सीखेच सुरू. तुम्हाला जाणवतोय तो अडखळा हाच.

सुबारूचा यावरचा नियम घेरात पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे 6 मिलिमीटरपेक्षा, जास्त फरक नको असा आहे. खाचेत बघायला गेलं तर जेमतेम 1 मिलिमीटर! दुसऱ्या कंपन्यांच्या मर्यादा थोड्या वेगळ्या असतील, मॅन्युअलमध्ये बघा.

पण लगेच गिअरबॉक्स उघडायला देऊ नका हं. आधी चारही टायरमध्ये हवा सारखी करा आणि टेपने चौघांचे घेर मोजा. मग चारही सारखे टायर लावून (कुणाचा सेट उसना मिळाला तरी चालेल) तेच वळण परत घ्या. बऱ्याचदा तेवढ्यानेच फरक पडतो. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सचं तेल बघा, काळं आणि जळका वास म्हणजे उशीर झालाय, पण नुसतं जुनं असेल तर तेल बदलून अडखळणं कमी झालेल्या गाड्याही असतात. जुन्या चार-स्पीड ऑटोमॅटिक सुबारूंमध्ये बऱ्याच ठिकाणी बॉनेटखाली "एफडब्ल्यूडी" (फ्रंट-व्हील-ड्राइव्ह) लिहिलेली रिकामी फ्यूजची जागा असते, तिथे फ्यूज खोचला की मागच्या चाकांचा ड्राइव्ह सुटतो. फ्यूज घालूनही अडखळत असेल तर मागच्या चाकांना ताकद देणारा क्लच अडकलाय किंवा त्याचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) मेलाय. सोलेनॉइड आणि क्लच प्लेटा बहुतेक वेळा मागचं हाउसिंग काढून बदलता येतात, अख्खा गिअरबॉक्स नाही लागत. तुमच्या गॅरेजवाल्याला एवढंच विचारा, "गेला" म्हणजे नेमकं काय गेलं, आणि कशावरून?

पुढच्या वेळी एकच टायर घ्यायची पाळी आली तर तेवढाच घासलेला जुना शोधा, किंवा नवा टायर घासून खाच कमी करून देणारे असतात त्यांच्याकडे जा. नाहीतर चारही घ्या, महाग वाटतं खरं, पण कपलिंगपेक्षा स्वस्त. आणि गाडी टो करायची वेळ आली तर चारही चाकं उचलणारी फ्लॅटबेडच मागवा, दोन चाकं हवेत आणि दोन रस्त्यावर अशी नेलीत तर एका फेरीत हेच सगळं होऊ शकतं.

प्रश्न: साठच्या वर गेलं की घूंऽऽ असा आवाज येतो, वेग वाढला की तोही वाढतो. मेकॅनिक एकदा म्हणतो डिफरन्शियल, एकदा म्हणतो बेअरिंग. आणि वळताना कटकट वाजतं ते वेगळंच.

दोन वेगळे आजार आहेत. घूं आवाज चालू असताना रिकाम्या रस्त्यावर हलकेच डावी-उजवीकडे झोल देऊन बघ. उजवीकडे वळवताना वजन डाव्या चाकांवर जातं, तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक डाव्या बाजूचं बेअरिंग. काहीच बदल नाही तर आधी टायर पुढचे मागे करून बघ, वेडेवाकडे घासलेले टायरसुद्धा डिट्टो असाच आवाज काढतात आणि लोक उगाच बेअरिंग बदलून मोकळे होतात. बेअरिंग हब बोल्टवर बसणारं असेल तर काम सोपं, नकलमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी तुकड्यात, प्रेस करून बसवायचं असेल तर मजुरी वाढते, गंज चढला असेल तर आणखी. डिफरन्शियलचा, म्हणजे वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरचा, आवाज साधारण ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलतो. त्याचं तेल कधी बदललंय ते विचार, मागच्या डिफरन्शियलचं तेल हे अख्ख्या गाडीतलं सगळ्यात स्वस्त काम असेल आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारंही.

कटकट म्हणजे बाहेरचा सीव्ही जॉइंट, ॲक्सलला चाकाशी जोडणारा सांधा. रबर बूट फाटलं, ग्रीस उडालं, धूळ आत गेली. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस शिंपडलेलं दिसेल. आवाज यायच्या आधी सापडलं असतं तर नुसतं बूट आणि ग्रीस बदलून भागलं असतं, आता अख्खा ॲक्सल. अगदी स्वस्तातला ॲक्सल घेऊ नकोस, उभ्या गाडीत गिअर टाकला की थरथर करणारे बरेच निघतात, त्यापेक्षा ओरिजिनल जुना घेऊन त्याला नवीन बूट घातलेला बरा.

प्रश्न: एकदम चेक इंजिन, ट्रॅक्शन आणि क्रूझ, सगळे दिवे लागलेत. गाडी तर मस्त चाललीये. विकून टाकू का?

थांबा हो! आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट बसलंय का बघा. खरंच. काही गाड्यांमध्ये, सुबारूत तर हमखास, इंजिनाच्या बिघाडाचा कुठलाही कोड आला की कंप्युटर ट्रॅक्शन आणि क्रूझपण बंद करून टाकतो, म्हणून दिवे तीन दिसतात आणि कारण एकच असतं. कारण झाकणाचं नसेल तर कोड वाचून घ्या. पी0420 (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही असं सांगणारा कोड) आला आणि कोणी लगेच कन्व्हर्टर बदला म्हणालं तर आधी एक्झॉस्टला कुठे लीक आहे का ते तपासायला लावा, कारण कन्व्हर्टर हा खरोखर महाग पार्ट आहे. चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला नसून लुकलुकत असेल तर मात्र गाडी चालवू नका, मिसफायर होतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये.

प्रश्न: एअर सस्पेन्शनवाली जर्मन वॅगन खूप स्वस्तात मिळतीये. सकाळी बघायला गेलो तर एका कोपऱ्यात बसलेली होती, स्टार्ट केल्यावर दोन मिनिटांत उठली. मालक म्हणतो "असंच असतं".

असंच नसतं. रात्रभरात एक कोपरा बसतो म्हणजे बहुतेक त्या बाजूच्या रबरी एअर स्प्रिंगला चीर आहे. गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि शेवटी तोही जळतो, म्हणजे एका चिरेचं बिल दोन ठिकाणी. शिवाय एक स्प्रिंग गेली तर त्याच वयाच्या बाकीच्या तीन रांगेत उभ्या आहेत. चारही एअर स्प्रिंग आणि कॉम्प्रेसर यांची किंमत काढून गाडीच्या किमतीत मिळवा, मग सांगा स्वस्त आहे का. साध्या कॉइल स्प्रिंगचं किट लावून घेणारेही आहेत, चालतं, फक्त उंची खालीवर करण्याची सोय जाते आणि डॅशबोर्डवरचा इशारा वेगळा निस्तरावा लागतो.

प्रश्न: मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट थरथरतोय, जॉइंट सुटे मिळत नाहीत, अख्खा बदलायला सांगतात. काढूनच टाकला आणि पुढच्या चाकांवर चालवली तर?

गाडीवर अवलंबून आहे. हाल्डेक्स कपलिंगवाली (गरज पडली तरच मागच्या चाकांना ताकद देणारी) असेल तर तिची मूळ चाल पुढच्या चाकांचीच, शाफ्ट काढून घरापर्यंत जाता येतं. पण मध्ये डिफरन्शियल असलेल्या मॅन्युअल गाडीत ताकद रिकाम्या टोकाकडे पळते, त्याला अडवता अडवता व्हिस्कस कपलिंग जळतं, आणि शाफ्टचे पैसे वाचवून गिअरबॉक्स उघडायची पाळी येते. जुना पण सरळ शाफ्ट मोडीच्या गाडीतून मिळतो का बघ, जॉइंट हाताने फिरवून कुठे अडकत नाहीत ना आणि मधल्या बेअरिंगचं रबर फाटलेलं नाही ना ते तपासून घे, बसवायचं काम तास-दोन तासांचं आहे. काढताना गाडीचं मागचं टोक उंच ठेव आणि तरी खाली भांडं ठेवच, काही गाड्यांत शाफ्ट ओढला की गिअरबॉक्सचं तेल मागून बाहेर येतं. तेवढं तेल नंतर मोजून परत भर.