चार सिगारेटी आणि एक कॅप्सूल

प्रश्न : माझं वय ४७. वडील दोन वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले, तेव्हापासून मी धसकाच घेतलाय. रोज गाजराचा ज्यूस, गाजरात असतं त्याच बीटा कॅरोटीनची कॅप्सूल, तासभर चालणं सगळं चालू केलंय. सिगारेट दहावरून चारवर आणलीये पण पूर्ण सुटत नाही, आणि खरं सांगू का, पंचवीस वर्षं ओढून झाली, आता सोडून काय उपयोग? एवढं पुरे नाही का?

उत्तर : आधी ती कॅप्सूल बंद करा. चेष्टा नाही करत. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजार पुरुषांवर मोठा प्रयोग झाला होता, अपेक्षा हीच की बीटा कॅरोटीनने कॅन्सर टळेल, आणि १९९४ मध्ये निकाल आला तर उलटंच, ती गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतला तसाच एक प्रयोग १९९६ मध्ये अर्ध्यावर थांबवावा लागला. गाजर खा की हवं तेवढं, ओढणाऱ्याला वावडं आहे ते गोळीतल्या डोसचं. घरात मल्टिव्हिटॅमिन असेल तर त्यात बीटा कॅरोटीन आहे का, ते डबीमागच्या बारीक अक्षरांत वाचा.

आता त्या चार सिगारेटी. दहावरून चारवर यायला कष्ट पडले असणार, मान्य. पण या कॅन्सरमध्ये रोज किती ओढता यापेक्षा किती वर्षं ओढताय ते जास्त नडतं, शिवाय संख्या कमी केली की माणूस नकळत झुरका खोल घेतो आणि पार फिल्टरपर्यंत ओढतो. आज विझवलेलं थोटूक बघा, पूर्वीपेक्षा आखूड झालंय का.

आणि उपयोगाचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये १९५१ पासून तब्बल ५० वर्षं डॉक्टरांच्याच सिगारेटचा हिशोब ठेवला गेला, त्यात वयाच्या पन्नासाव्या वर्षाच्या सुमारास सोडणाऱ्यांना ओढत राहिलेल्यांपेक्षा सरासरी ६ वर्षं जास्त मिळाली, चाळिसाव्याच्या सुमारास सोडणाऱ्यांना ९. तुम्ही मधोमध आहात. धोका कधीच न ओढणाऱ्याइतका कमी होईल असं नाही, खोटं कशाला सांगू.

सुटत नाही म्हणता, तर निकोटिन गम वापरून बघितलंत का? बहुतेक लोक तो च्युइंगमसारखा चघळत सुटतात आणि मळमळलं की फेकून देतात. तो हळू चावायचा, तोंडात झणझणलं की गालात दाबून ठेवायचा, झणझण गेली की परत दोन-चारदा चावायचा, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलंच जात नाही. पहिले दोन-तीन दिवस चिडचिड जास्त होते, घरच्यांना आधीच सांगून ठेवा. गमवर भागलं नाही तर डॉक्टरांकडे गोळ्याही आहेत.

चालणं मस्त चाललंय, आतड्याच्या कॅन्सरसाठीही ते चांगलं. दारूचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, घेत असाल तर तीही कमी करा, सिगारेटच्या जोडीने ती तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका फार वाढवते.

आणि खोकला तीन आठवड्यांवर रेंगाळला किंवा थुंकीत रक्त दिसलं तर पत्र लिहीत बसू नका, थेट डॉक्टर गाठा.