फाइलमधला दाखला

मुलगी बघायला जाताना लोक बायोडेटा, पत्रिका आणि फोटो नेतात. लालबागच्या एका घरातली आई त्या फाइलमध्ये आणखी एक कागद ठेवायची, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला. वयावरून कुणी विचारलंच तर दाखवता यावा म्हणून. मुलगा २७ वर्षांचा. डोक्यावरचे केस काळेभोर, पण दाढी हनुवटीवर आणि ओठांच्या दोन्ही कडांना पांढरी. एका ठिकाणी मुलीचे मामा म्हणाले, "मुलगा जरा थोराड वाटतो." आईनं खरोखर तो दाखला काढला आणि पोह्यांच्या बशांशेजारी ठेवला. त्यानंतर त्यानं स्थळं बघायला जाणंच बंद केलं. चार महिन्यांनी तो माझ्याकडे समुपदेशनासाठी आला.

हे त्याला विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दाढी पांढरी व्हायला लागली म्हणून अस्वस्थ झालेली पंचविशीतली मुलं आता माझ्या दादरच्या खोलीत वरचेवर येतात. बहुतेक जण आधी झोप येत नाही, कामात लक्ष लागत नाही असं सांगतात आणि दाढीचा विषय उठता उठता काढतात. हा मात्र मास्क लावून आला, खुर्चीत बसला, मास्क काढला आणि म्हणाला, "मॅडम, हे बघा. आता माझं लग्न कसं जमणार?"

मला पांढऱ्या केसांच्या आधी दिसली ती लाल झालेली हनुवटी. जागोजागी बारीक खपल्या, दोन पुळ्या पिकलेल्या. चष्म्याच्या डबीत तो भुवया कोरायचा चिमटा ठेवायचा. पांढरा केस दिसला की उपटायचा.

मी त्याला कालचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत सांगायला लावला आणि वहीत मिनिटं लिहीत गेले. सकाळी बाथरूममध्ये मोबाइलचा टॉर्च लावून ३५ मिनिटं. करी रोडहून दादरला येऊन अंधेरीची गाडी पकडली की फोनचा पुढचा कॅमेरा उघडून हनुवटी बघणं. ऑफिसच्या वॉशरूममध्ये दोनदा. जेवताना खिडकीकडे पाठ करून बसायचं, कारण उजेडात पांढरे केस चमकतात. रात्री पुन्हा आरसा. बेरीज दोन तासांच्या वर गेली. वही फिरवून त्याच्यापुढे ठेवली, तर बराच वेळ तो त्या आकड्याकडेच बघत राहिला.

तास मोजायला कारण आहे. दिवसाचा तासाहून जास्त वेळ एखाद्या व्यंगाच्या मागे जात असेल आणि त्यापायी माणूस चारचौघांत जाणं टाळत असेल, तर बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर आहे का, हे मला तपासावं लागतं. त्या आजारात इतरांना दिसतही नाही किंवा जेमतेम दिसतं असं व्यंग माणसाला खात राहतं. याचे पांढरे केस खरेच होते आणि मामांचा शेराही खराच होता, म्हणून तो शिक्का मी मारला नाही. पण पुन्हा पुन्हा बघणं, लपवणं, टाळणं या सवयी त्याच जातीच्या होत्या. जगणं नकोसं वाटतं का, हेही मी स्पष्ट विचारलं. ते मी प्रत्येकाला विचारते. तसं काही नव्हतं.

पण मनावर काम सुरू करण्याआधी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं. केसांची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला थेट "टेन्शन घेऊ नका" म्हणणं मला चुकीचं वाटतं. त्या चार महिन्यांत त्यानं स्वतःच बरंच काही करून घेतलं होतं. ऑनलाइन मागवलेल्या बायोटिनच्या गोळ्या चालू होत्या. एकदा घरीच दाढीला काळा डाय लावला होता, तर दुसऱ्या दिवशी ओठ सुजले आणि हनुवटीतून पाणी यायला लागलं. शिवाय रोज रात्री पाय झिणझिणतात, असं तो सहज बोलता बोलता म्हणाला. तेवढं माझ्यासाठी पुरेसं होतं.

तो केईएमच्या त्वचारोग ओपीडीत केसपेपर काढून रांगेत बसला. परत आला तेव्हा माहिती बरीच होती आणि सगळी एकमेकांत मिसळलेली, म्हणून आम्ही दोघांनी ती नीट लावली.

आपल्याकडे पंचविशीच्या आत केस पांढरे व्हायला लागले तर ते अकाली धरतात. त्याचे तेविसाव्या वर्षी सुरू झाले होते. केसाच्या मुळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या संपल्या किंवा काम करेनाशा झाल्या की त्या मुळातून पुढचा केस पांढराच येतो. प्रत्येक मूळ स्वतंत्र, म्हणून एक केस उपटल्यानं शेजारचे चार पांढरे होत नाहीत. पण उपटून तिथे काळाही येत नाही. सतत उपटत राहिलं तर पुळ्या होतात, केस कातडीत आत वाढतात, डाग राहतात. डोक्यावरचे केस काळे असताना दाढी किंवा कल्ले आधी पांढरे होणं अनेक पुरुषांत घडतं. घराण्यात असणं हे त्याचं सगळ्यात मोठं कारण. त्याखेरीज बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, लोहाची कमतरता, धूम्रपान यांचा संबंध आढळतो. केस एकाच गोल चकतीत पांढरे झाले असतील आणि खालची कातडीही पांढरी दिसत असेल तर कोड आहे का, ते डॉक्टर बघतात. याचं तसं नव्हतं.

थायरॉइड तपासायच्या आधी काही दिवस बायोटिन बंद ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं. मोठ्या मात्रेतल्या बायोटिनमुळे त्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. ही गोष्ट मी आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, कारण केसांसाठी या गोळ्या घेणारे खूप आहेत आणि लॅबमध्ये कुणी ते सांगत नाही. थायरॉइड ठीक निघालं. बी-१२ मात्र खूपच कमी. घरात आठवड्यातून तीनदा बांगडे असताना कमी कसं, म्हणून चौकशी केली, तर तो दोन वर्षं रोज ॲसिडिटीची गोळी घेत होता. पोटातलं आम्ल दीर्घकाळ दाबून ठेवलं की अन्नातलं बी-१२ नीट शोषलं जात नाही. इंजेक्शनं सुरू झाली, रोजची गोळी डॉक्टरांनी हळूहळू बंद केली, पायांची झिणझिण गेली.

डायनं झालेल्या त्रासाचं कारण बहुधा पीपीडी हे रसायन. बहुतेक काळ्या रंगांत ते असतं, आणि बाजारात काळी मेंदी म्हणून विकतात तिच्यातही असू शकतं. ज्याला एकदा असा त्रास झाला त्यानं ते पुन्हा लावायचं नाही, पुढची खेप जास्त जोराची असू शकते. ज्यांना रंग लावायचाच आहे त्यांनी आधी कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबावं.

दाढी पुन्हा काळी होईल का, हे त्यानं डॉक्टरांना तीनदा विचारलं. बी-१२ च्या कमतरतेमुळे पांढरे झालेले केस कधी कधी परत रंग धरतात. पण घराण्यातून आलेलं असेल तर आशा धरू नका, असं डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी विचारलं, "वडिलांची दाढी कधी पांढरी झाली?"

याला सांगता आलं नाही. वडिलांच्या डोक्यावरचे केस साठीला आले तरी बऱ्यापैकी काळे, आणि वडिलांची दाढी त्यानं कधी पाहिलीच नव्हती. ते रोज पहाटे पाचला, रविवारीसुद्धा, आजारी असले तरी, गुळगुळीत दाढी करायचे. शिस्तीचा माणूस, असं घरात सगळे म्हणायचे.

त्या रात्री त्यानं विचारलं. वडील आधी काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "लग्नाच्या वेळी अर्धी पांढरी होती. तुझ्या आईलाही ठाऊक नाही."

ही हकिगत त्यानं मला सांगितली तेव्हा त्याच्या आवाजात राग होता. "चार वर्षं मला बघतायत उपटताना. एक शब्द बोलले नाहीत." मी त्याच्या रागाला आवर घातला नाही. पुढच्या खेपेला वडिलांना बोलावलं. ते आले, आठ दिवसांचे पांढरे खुंट घेऊन. दाढी केली नव्हती. आल्या आल्या मुलाला म्हणाले, "तुला कसं सांगावं, कळलं नाही रे. मला वाटलं, तुझी होणार नाही." खुर्चीवर बसल्यावरही त्यांचा हात सारखा हनुवटीवर जात होता, आणि मुलगा ते बघत होता.

आई घरी म्हणायची, टेन्शन घेतोस म्हणून पिकली. ताणाचा आणि पांढऱ्या केसांचा संबंध अगदीच खोटा नाही. २०२० साली हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की तीव्र ताणात रंगाच्या मूळ पेशी संपून जातात. पण तेवढ्यावरून एखाद्या मुलाला "तूच काळजी करून पांढरी केलीस" म्हणणं मला क्रूर वाटतं. केस आधी पांढरे झाले आणि काळजी नंतर आली, हे त्याला स्वतःला माहीत होतं.

मग आमचं खरं काम सुरू झालं. चिमटा पहिल्या दिवशीच माझ्या कपाटात ठेवून गेला होता. आरसा सकाळी एकदा, हातभर अंतरावरून, टॉर्च न लावता. मास्क आधी ट्रेनमध्ये काढायचा, मग ऑफिसात, मग चाळीच्या गणपतीच्या मीटिंगला. प्रत्येक वेळी कोण काय म्हणालं ते वहीत लिहायचं. तीन आठवड्यांत पाच जणांनी विषय काढला. दोघांनी दाढी चांगली दिसते म्हटलं, एका मित्रानं "म्हातारा झालास" म्हटलं, आणि दोघांनी हळूच विचारलं, की तू डॉक्टरकडे कुठे गेला होतास. त्यांच्याही पांढऱ्या होत होत्या. मित्राचं बोलणं त्याला लागलं, दोन दिवस लागलेलं राहिलं. तेही लिहिलं.

बायोडेटावरचा फोटो तीन वर्षांपूर्वीचा होता. तो बदलायचा, यावर मी अडून बसले. जुना फोटो पाहून आलेली माणसं दारातच दचकतात, आणि तो दचकलेला चेहरा याला आठवडाभर पुरतो. समोर सांगायचं वाक्य त्यानं स्वतः बनवलं: "माझी दाढी तेविसाव्या वर्षापासून पांढरी होतेय, आमच्या घराण्यात आहे." पहिल्यांदा म्हणताना आवाज अडकला. मी ते दहा वेळा म्हणून घेतलं.

आईंशी मी वेगळी बोलले. दाखला त्यांनी प्रेमापोटीच ठेवला होता, यात मला शंका नाही. पण तो कागद टीपॉयवर आला तेव्हा मुलाला काय वाटलं असेल, असं विचारल्यावर त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "मला वाटलं मी त्याच्या बाजूनं उभी आहे," म्हणाल्या.

शेवटच्या भेटीला त्यानं फोनवर एक फोटो दाखवला. रविवारी तो आणि वडील एकत्र सलूनमध्ये गेले होते. एका आरशात दोघं, दोघांच्याही दाढ्या ट्रिमरनं एकसारख्या बारीक केलेल्या, वडिलांची पूर्ण पांढरी. "बाबांना माझ्यापेक्षा जास्त शोभते," तो म्हणाला.

त्या दिवशी त्याला लवकर निघायचं होतं. पाच वाजता ठाण्याला स्थळ बघायला जायचं होतं, आई-वडील स्टेशनवर थांबले होते. फाइल आईकडे होती. तिच्यात दाखला आहे की नाही, ते त्यानं बघितलं नव्हतं.