मुलीच्या नावाने दिलेला होकार

सप्रेम नमस्कार.

चिपळूणहून आलेले तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. तुमच्या मुलीने पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केले असून वाशिष्ठी नदीच्या गाळातील सूक्ष्म प्लास्टिकवर प्रबंध लिहिला आहे. तिच्यापुढे आता दोन कामे आहेत. एक ४५ हजार रुपये पगाराचे, प्लास्टिक वेष्टनांच्या उत्पादकांच्या संघटनेने चालविलेल्या पर्यावरण माहिती केंद्रातले. दुसरे एका छोट्या संस्थेतले, २२ हजारांचे. तिचा ओढा दुसऱ्या कामाकडे आहे आणि मी तिची समजूत घालावी, अशी तुमची अपेक्षा आहे. मात्र तिसऱ्या पानावर, जाता जाता, तुम्ही लिहिले आहे की ती निर्णय लांबवीत होती म्हणून तिच्या ई-मेलवरून तुम्हीच केंद्राला होकार कळविला आणि तिला ते अजून सांगितलेले नाही.

त्या वाक्यापाशी मी थांबलो. शैक्षणिक कर्जाचे हप्ते पुढच्या महिन्यापासून सुरू होणार आहेत, स्थळे येऊ लागली आहेत, मुलगी नोकरीला असली तर बोलणी करताना बरे पडेल, हे सारे तुम्ही मोकळेपणाने लिहिले आहे आणि ती काळजी मी क्षुल्लक मानत नाही. परंतु जे केले ते चूक आहे, आणि या मुलीच्या बाबतीत ती चूक अधिक गंभीर आहे. तिने निवडलेल्या क्षेत्रात माणसाची सगळी मिळकत म्हणजे अहवालाखालचे नाव. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २००६च्या अधिसूचनेनुसार एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरणीय परिणाम तपासणाऱ्या सल्लागाराला पैसे देतो तो प्रकल्प उभारणाराच. अशा व्यवस्थेत वाचणाऱ्याला भरवसा उरतो तो एवढाच, की खाली सही करणाऱ्या तज्ज्ञाने ते काम खरोखर स्वतः पाहिले आहे. दुसऱ्याने लिहायचे आणि आपण ते आपल्या नावाने निभवायचे, ही सवय तिला तिथे कोणी लावू पाहील तर ती कदाचित प्रतिकार करील. घरातच ती लागली तर तिने कोणाशी झगडावे?

तिचे ८.४ सीजीपीए उत्तम आहे. त्याविषयी चिंता नको. नेट, गेटमधील पर्यावरणाचा पेपर, प्रदूषण नियंत्रण मंडळाची भरती हे मार्ग तिला माहीत असणारच.

तुमच्या पत्रातील एका समजुतीविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे. केंद्राच्या संचालकांनी तिला स्पष्ट सांगितले आहे की कधीही काही खोटे लिहायला लावणार नाही. मग पैसे कोणाचे याने काय फरक पडतो, असे तुम्ही विचारता. ते खरे बोलत असतील, असे मी धरून चालतो. तरीही फरक पडतो, कारण अशा ठिकाणी खोटे लिहिण्याची वेळ क्वचितच येते. पैसा ठरवितो तो प्रश्न कोणता विचारायचा हे. अमेरिकेत १९५३ साली डबे, बाटल्या आणि वेष्टने बनविणाऱ्या कंपन्यांनी पुढाकार घेऊन ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ ही संस्था काढली. त्याच वर्षी व्हरमाँट राज्याने परत न भरता येणाऱ्या बाटल्यांतून बिअर विकण्यास बंदी घातली होती. १९७१च्या वसुंधरादिनी या संस्थेची एक जाहिरात दूरचित्रवाणीवर आली आणि जगभर गाजली: मूलनिवासी वेशातला एक माणूस रस्त्याकडेला उभा आहे, धावत्या मोटारीतून फेकलेला कचरा त्याच्या पायांशी येऊन पडतो आणि त्याच्या डोळ्यांतून अश्रू ओघळतो. प्रदूषण माणसे सुरू करतात आणि माणसेच ते थांबवू शकतात, असा तिचा संदेश होता. यात खोटे काय आहे? काहीच नाही, कचरा माणसेच टाकतात. पण त्याच वर्षी ओरेगॉन राज्याने बाटलीवर अनामत रक्कम घेऊन बाटली परत आल्यावर ती परत देण्याचा कायदा केला, आणि असे कायदे इतर राज्यांत येऊ लागले तेव्हा संस्थेच्या पाठीशी असलेल्या कंपन्यांनी त्यांना विरोध केला. बाटली कोणी फेकली हा प्रश्न घरोघर पोहोचला. ती एकदाच वापरण्याजोगी कोणी केली, हा प्रश्न त्या मोहिमेने विचारलाच नाही.

तुमच्या मुलीने नेमके हेच हेरले आहे आणि तुम्ही ते तिचा हट्ट म्हणून माझ्याकडे लिहून पाठविले आहे. केंद्राने नमुना म्हणून दिलेली शाळांसाठीची २८ पानी पुस्तिका वाचून ती म्हणाली की यात कचरा टाकणाऱ्या मुलाची सहा चित्रे आहेत, पण कारखान्यातून किती पाकिटे बाहेर पडतात याचा एकही आकडा नाही. महाराष्ट्राच्या २०१८च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत पेट म्हणजे पाण्याच्या व शीतपेयांच्या प्लास्टिक बाटल्यांवरील अनामत परत देण्याची तरतूद होती, तिचाही त्यात उल्लेख नाही. गाळ वाळवून, चाळून, मिठाच्या दाट पाण्यात घुसळून वर तरंगलेले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने एकेक वेचण्यात जिने महिनेच्या महिने घालविले, तिला पुस्तिकेत काय नाही हे दिसणारच. हा हट्ट नव्हे. एवढी वर्षे फी भरून तुम्ही तिला जे शिकविले ते हेच.

म्हणून उद्योगाचा पैसा घेणारा प्रत्येक जण विकला गेलेला असतो, असे मी म्हणणार नाही, आणि छोटी संस्था आपोआप स्वतंत्र ठरते असेही नाही. तिलाही कोणी तरी देणगीदार असतोच. २००३च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने शीतपेयांच्या १२ ब्रँडमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा कंपन्यांनी संस्थेच्या प्रयोगशाळेच्या कुवतीवरच शंका घेतली. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली आणि २००४च्या फेब्रुवारीत तिने संस्थेचे निष्कर्ष बरोबर ठरविले. संस्थेचा हेतू शुद्ध आहे एवढ्याने ते सिद्ध झाले नसते. चाचण्या कशा केल्या हे दुसऱ्यांना तपासता येत होते, म्हणून संस्था त्या चौकशीला उतरली. तुमच्या मुलीने दोन्ही ठिकाणी हेच विचारावे: गोळा केलेली माहिती कोणाच्या मालकीची राहील, प्रसिद्ध करण्यापूर्वी मजकूर कोणाला दाखवावा लागेल आणि तो अडविण्याचा अधिकार कोणाला असेल, आणि प्रत्येक पुस्तिकेवर पैसे देणाऱ्याचे नाव छापले जाईल का. उत्तरे तोंडी नकोत, नेमणूकपत्रात हवीत. तशी लेखी हमी केंद्राने दिली तर ४५ हजारांची नोकरी तिने खुशाल करावी, असे मी तिला सांगेन. न दिल्यास २२ हजारांत कर्जाचा हप्ता कसा बसवायचा, याचा हिशेब तुम्ही दोघांनी कागद घेऊन मांडावा. बँकेकडे मुदत वाढवून मागता येते आणि हप्ता लहान करून घेता येतो.

तिची समजूत घालण्याचे काम मात्र मी करणार नाही. आज संध्याकाळी ती घरी आल्यावर तिला समोर बसवून तुम्ही काय केले ते सांगा, आधी कारणे देऊ नका, आणि तिच्या खात्याचा पासवर्ड तिला बदलू द्या. केंद्राला काय कळवायचे ते तिने स्वतः लिहावे. आधीचा होकार तिच्या संमतीवाचून गेला होता, एवढे सांगणारे एक वाक्य त्यात असावे, आणि ते घालायचे की नाही हेही तिलाच ठरवू द्या. रागाने ती दोन दिवस बोलली नाही तर तेवढे सोसा. त्यानंतर तिला माझ्याशी बोलावेसे वाटले तर तिने मला लिहावे. तिचे पत्र मी तुम्हाला दाखविणार नाही, हे आताच सांगून ठेवतो.